अभ्यासकाची हत्यारपेटी



संगणकांचे जाळे हा माझ्या अभ्यासाचा विषय. 'आपण काय वाचता आणि कोणत्या साधनांनी काम करता, ते सांगावे,' अशी चिटणीसांची सूचना होती. सुताराने चारचौघांत आपली पेटी उघडावी, तसाच हा प्रकार आहे. पण कोणते हत्यार का बाळगले, हे कळल्यावाचून पेटी पाहण्यात स्वारस्य नाही. म्हणून कारणांसह सांगतो.

प्रथम वाचन. १९६९ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर या अमेरिकन विद्यार्थ्याने संगणकांच्या परस्पर संभाषणाविषयी एक टिपण लिहिले आणि त्याला 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे 'अभिप्राय कळवावा', असे नम्र नाव दिले. त्या मालिकेत आज ९,००० हून अधिक टिपणे आहेत आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येतात. यंत्र असे का वागले, हा प्रश्न पडला की मी आधी तेथे जातो. इतरांनी केलेले सारांश मागाहून.

दुसरे वाचन म्हणजे १९८८ सालचा व्हॅन जेकबसन यांचा, जाळ्यातील कोंडी कशी टाळावी यावरचा निबंध. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यामधली वाहतूक जवळजवळ ठप्प झाली. अंतर अवघे ४०० यार्ड. पण सेकंदाला ३२,००० बिट, म्हणजे सुमारे ४,००० अक्षरे जात होती, तेथे ४० बिट, म्हणजे पाचच अक्षरे जाऊ लागली! तार तुटली नव्हती. पाकिटाची पोच वेळेवर आली नाही की संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवीत, आणि आधीच तुंबलेली वाट अधिकच तुंबे. जेकबसन यांचा उपाय शहाण्या माणसाला शोभणारा होता: आरंभी थोडे पाठवावे, पोच येत जाईल तसे वाढवावे, आणि पाकीट हरवले की कोंडी झाली असे समजून आपला हात आखडता घ्यावा.

हे कळले ते पाकिटांची ये-जा प्रत्यक्ष पाहिल्यामुळे. त्याच प्रयोगशाळेत जेकबसन आणि त्यांचे सहकारी यांनी 'टीसीपीडम्प' हे हत्यार घडविले. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची ते एकेका ओळीत नोंद करते. माझ्या पेटीत ते सर्वांत वर असते.

त्याच्या शेजारी 'ट्रेसरूट'. तेही जेकबसन यांचेच. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतले प्रत्येक नाके त्यातून एक वजा करते. शून्य उरले की पाकीट टाकून देते आणि तसे पाठविणाऱ्याला कळविते. पाकिटाने जन्मभर भटकू नये, एवढाच या नियमाचा हेतू. जेकबसन यांनी मुद्दाम एक, मग दोन, मग तीन असे आकडे घालून पाकिटे सोडली. पहिले पहिल्या नाक्यावर संपले, दुसरे दुसऱ्यावर. आणि बहुतेक नाक्यांनी आपण होऊन आपला पत्ता कळविला. मरणाऱ्या पाकिटांकडून वाटेचा नकाशा काढून घेणारी ही युक्ती मला अजून थक्क करते.

आता माझी एक फजिती सांगतो. तरुणपणी मी माझी सारी मापने एका महागड्या, देखण्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवली होती. पुढे ते बंद पडले. काही वर्षांनी एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, या आलेखामागचे आकडे पाहायला मिळतील का?' फाईल होती, पण ती उघडेना. मी तिला काय दाखविणार? ज्याची पडताळणी होऊ शकत नाही, ते शास्त्र राहत नाही; ती ऐकीव गोष्ट होते. त्या दिवशी मला मान खाली घालावी लागली.

तेव्हापासून माझे आकडे साध्या मजकुराच्या फायलीत असतात, आलेख 'नूप्लॉट'वर निघतात आणि निबंध 'लाटेक'मध्ये लिहिले जातात. ही साधने रूक्ष आहेत, हा विद्यार्थ्यांचा आक्षेप मला मान्य आहे. त्यांना रंगीत खिडक्यांचे 'वायरशार्क' आवडते आणि तेही उत्तम आहे. कारण त्याचेही अंतरंग कोणालाही उघडून पाहता येते. माझा हट्ट रूक्षपणाचा नाही, उघडेपणाचा आहे.

सुताराच्या मागे त्याची पटाशी दुसऱ्याच्या हातात चालते. आमच्या मागेही आमचे काम कोणाला तरी तपासता यावे, एवढीच या पेटीची कसोटी.