पोलादाचे अंतर आणि कापसाचे अंतर



मागासलेपण हे प्रदेशाच्या दैवातच लिहिलेले असते, या समजुतीइतकी राज्यकर्त्यांना सोयीची दुसरी समजूत नाही. वस्तुतः प्रादेशिक विषमता पुष्कळदा धोरणांनीच घडविलेली असते, आणि तीही समतेचे नाव घेऊन. पोलादाच्या वाहतूक-भाड्याचे समानीकरण हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१९५६ मध्ये केंद्र सरकारने पोलादाचा भाव देशभरातील रेल्वे-स्थानकांवर सारखा केला. सरासरी भाडे किमतीतच धरले गेले. जमशेदपूरच्या लहान कारखानदाराला पोलाद ज्या भावाने मिळे, त्याच भावाने ते मुंबईला वा लुधियान्याला मिळू लागले. म्हणजे जवळच्याने दूरच्याचे भाडे भरायचे! उद्योग सर्वत्र पसरावेत, हा हेतू. प्रत्यक्षात बंदर, बँका आणि बाजारपेठ जेथे आधीच होती, तेथेच यंत्रोद्योग वाढला. बिहार, ओडिशा, बंगाल आणि मध्य प्रदेश यांच्या वाट्याला खाणी आणि विस्थापन आले. खनिजाच्या सान्निध्याचा लाभ मात्र हिरावला गेला. १९९२ मध्ये हे धोरण रद्द झाले. पण छत्तीस वर्षांत अन्यत्र रुजलेला उद्योग एका आदेशाने परत थोडाच येणार?

यात महाराष्ट्राचा लाभ झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण कोणत्या महाराष्ट्राचा? कापसाच्या भाड्याचे असे समानीकरण कधीच झाले नाही. विदर्भाचा सान्निध्याचा लाभ कागदोपत्री अबाधित राहिला. कापूस आणि कोळसा जवळ म्हणूनच जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती. तरीही पुढे विदर्भाचा कापूस बहुतांशी गाठींच्या रूपानेच बाहेर गेला. सुताचे आणि कापडाचे मोल इतरांच्या पदरी पडले. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण आदी क्षेत्रांतील अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरविला. त्यातील ३९ टक्के विदर्भाचा आणि जवळजवळ २४ टक्के मराठवाड्याचा होता.

तात्पर्य, प्रदेशाचे नैसर्गिक बळ हिरावून घेणे जसे घातक, तसेच ते पाणी, वीज, पतपुरवठा आणि शिक्षण यांच्या आधाराविना सोडून देणेही घातक. स्पर्धेची ताकद करमाफीने विकत मिळत नाही. ती पिढ्यान्पिढ्या उभारावी लागते. आज राज्याराज्यांत सवलतींची चढाओढ लागली असताना प्रत्येक औद्योगिक धोरणाला एकच प्रश्न विचारला पाहिजे: कच्चा माल निघून गेल्यावर तो पिकविणाऱ्याच्या आणि खणणाऱ्याच्या गावात मागे काय उरणार?