कंट्रोल दाबला, पण पोचला कुठे?

आजचा एपिसोड अशा बटणांबद्दल आहे जी स्वतः काहीच टाइप करत नाहीत. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, विंडोजचं बटण, ज्याला लिनक्सवाले सुपर म्हणतात, आणि कोपऱ्यातलं एफएन. यांना मॉडिफायर म्हणतात.

साधं अक्षर बंद पडलं तर लगेच कळतं. पण कंट्रोल अडकला तर पासवर्ड जात नाही, स्क्रोल केलं की पान झूम होतं, डब्ल्यू दाबला की टॅबच बंद. मग आपण म्हणतो, "लिनक्स टाकलं आणि लॅपटॉपला येड लागलं." दुकानात नेलं तर सल्ला बहुतेक वेळा एकच, कीबोर्ड बदला. आणि हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या कव्हरला रिव्हेटने पक्का केलेला असतो. म्हणजे बदलायचा तर अख्खं कव्हर. तेवढे पैसे घालण्याआधी दहा मिनिटं खर्च करा, इतकंच आजचं म्हणणं.

बटण दाबल्यावर सिग्नल तीन टप्प्यांतून जातो. पहिला टप्पा लॅपटॉपचं स्वतःचं फर्मवेअर. दुसरा लिनक्सचा कर्नल, तो प्रत्येक बटणाला एक नंबर देतो. तिसरा लेआउट, तो ठरवतो की या नंबरचा अर्थ काय. बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

ते बघायला एक छोटा प्रोग्रॅम आहे, इव्हटेस्ट. इन्स्टॉल करा आणि टर्मिनलमध्ये 'सुडो इव्हटेस्ट' चालवा. (ब्लॉगवर आपण सगळं देवनागरीत लिहितो, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायचं, ओके?) यादी येईल. त्यात बहुतेक लॅपटॉपांवर 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' हा आपला आतला कीबोर्ड असतो, तो निवडा. आता डावा कंट्रोल दाबा. कोड २९ दिसायला हवा. दाबल्यावर व्हॅल्यू १, धरून ठेवलं तर २, सोडल्यावर ०. एक काळजी घ्या. हे चालू असताना पासवर्ड टाइप करू नका, प्रत्येक बटण स्क्रीनवर उमटतं.

आता काय दिसलं त्यावरून पुढचा रस्ता.

काहीच दिसलं नाही? मग सिग्नल कर्नलपर्यंत आलाच नाही. एफएनच्या बाबतीत हे बऱ्याच लॅपटॉपांवर नॉर्मल आहे, ते फर्मवेअरच हाताळतं. म्हणून एफएन आणि कंट्रोलची अदलाबदल हवी असेल तर आधी बायोसमध्ये बघा. थिंकपॅडमध्ये तसा पर्याय असतो. सुपर दिसत नसेल आणि लॅपटॉप गेमिंगचा असेल, तर एफएन आणि विंडोज एकत्र दाबून बघा. काही मॉडेलांवर ते बटण असंच लॉक होतं.

१ आला पण सोडल्यावर ० येत नाही, किंवा हात न लावता २ येतच राहतोय? तर बटणाखाली काहीतरी अडकलं असेल किंवा फर्मवेअरचा घोळ असेल. लॅपटॉप बंद करून साफ करा, बायोस अपडेट बघा. तरी तेच, तर मग दुकान.

भलतंच दिसलं? इथे नवीन लॅपटॉपवाल्यांनी कान द्या. २०२४ पासून बऱ्याच लॅपटॉपांवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं बटण आलंय. ते एक बटण नाहीच. दाबलं की तीन नंबर येतात: १२५, ४२ आणि १९३. म्हणजे सुपर, शिफ्ट आणि एफ२३. म्हणून साध्या सेटिंगने ते कंट्रोल होत नाही. यावर कीडी नावाचं टूल आहे. त्याच्या 'डिफॉल्ट डॉट कॉन्फ' फाइलमध्ये 'आयडीज' या भागात एक फुली, म्हणजे स्टार, आणि 'मेन' या भागात एक ओळ: लेफ्टशिफ्ट प्लस लेफ्टमेटा प्लस एफ२३ इज इक्वल टू लेअर, कंसात कंट्रोल. मग सर्व्हिस रीस्टार्ट. पण आधी बटण धरून ठेवा आणि ० कधी येतो ते बघा. धरलेलं असतानाच ० आला, तर त्याचा कंट्रोल नीट होणार नाही. त्यापेक्षा कॅप्स लॉकला कंट्रोल करा. आणि कीडीत काही फिसकटलंच, तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबा, ते बंद पडतं.

नंबर बरोबर, तरी काम चुकीचं? मग कीबोर्ड ठणठणीत आहे, लेआउट बघा. आपल्याकडे हमखास होणारा प्रकार म्हणजे 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' हा लेआउट. त्यात उजवा ऑल्ट हा ऑल्ट नसतोच. तो आणि ४ दाबलं की ₹ येतो. कित्येक जण उजवा ऑल्ट मेला म्हणून बसतात! साधा यूएस लेआउट घ्या, ऑल्ट परत. अॅक्सेसिबिलिटीमधलं स्टिकी कीजही तपासा. कीबोर्डवरून चालू करायची सोय सुरू असेल, तर पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर ते चालू होतं आणि मॉडिफायर अडकल्यासारखे वाटतात.

कॅप्स लॉकचा कंट्रोल करायला नोममध्ये ट्वीक्स आणि केडीईमध्ये कीबोर्ड सेटिंग्ज पुरतात. जुन्या उत्तरांत एक्समॉडमॅप सापडेल. वेलँडवर त्याच्या नादी लागू नका, वेलँडच्या स्वतःच्या अॅप्सना ते लागू होत नाही.

तर मंडळी, दुकानात जायचंच असेल तर इव्हटेस्टचा फोटो घेऊन जा. "कीबोर्ड गेलाय" असं कुणी म्हणालं, तर कुठला नंबर येत नाहीये, ते विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!