श्रद्धा एकाची, विश्वास दोघांचा

संसारावरील संकट बाहेरून येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दुष्काळ येतो, रोगाची साथ येते, मिळकत बुडते. आणि अशा वेळी देवावरील श्रद्धा घराला धीर देते. परंतु त्या श्रद्धेनेच घर दुभंगले तर? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील एका घरापुढे हा प्रश्न उभा राहिला. ते घर होते कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायबलातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली होती आणि सत्य पटल्यावर ते लपवून ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण लक्ष्मीबाईंवर मात्र आकाश कोसळले. सोवळ्याओवळ्याचे कमालीचे वेड असलेल्या वडिलांच्या घरात त्या वाढलेल्या. अकराव्या वर्षी लग्न झालेले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या. पती जिवंत असून परका झाला होता. पदरात लहान मूल होते, आणि आश्रय काय तो नातलगांचा. पाठोपाठ १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला व महाराष्ट्रभर पसरला, आणि १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. बाहेरचे जग असे डळमळत असता घरातला आधारही नाहीसा झालेला.

या प्रसंगी टिळकांना एक मार्ग मोकळा होता. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार नांदावयास तयार नसेल, तर विवाह रद्द करून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने त्या काळी केलेली होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले आणि वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाईंनीही आपला धर्म सोडला नाही आणि पतीवरील मायाही सोडली नाही. भोवतालचा समाज त्यांना यांतले एक निवडावयास सांगत होता. त्यांनी दोन्ही उराशी धरून ठेवली.

सुमारे पाच वर्षांनी त्या अहमदनगरास पतीकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपला आचार त्या पाळीत राहिल्या, आणि टिळकांनी त्यांना तो पाळू दिला. एका घरात दोन धर्म नांदू लागले. ज्या माणसाने आपल्या विश्वासापायी आप्तस्वकीय गमावले, त्याने त्याच विश्वासाची सक्ती पत्नीवर करू नये, ही गोष्ट सामान्य नव्हे. आपली श्रद्धा खरी आहे अशी ज्याची खात्री असते, त्यालाच थांबावयाचा धीर असतो. घाई भयाला असते.

पुढे जातिभेद हा देवाने नव्हे, तर माणसाने निर्माण केला आहे, हे लक्ष्मीबाईंना आतून पटले. सोवळे आधी सुटले, आणि मग १९०० साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला.

म्हणून तो संसार निश्चिंत झाला असे मात्र नाही. टिळकांचा देवावरील भरवसा इतका उदंड की, हातातला पैसा घरी पोचण्याआधीच एखाद्या गरजूच्या पदरात पडे. उद्याची चिंता त्यांनी देवावर सोपविली होती. उद्याचे पीठमीठ पाहणे लक्ष्मीबाईंकडे आले होते. त्या रागावत, भांडत, हसत आणि पुन्हा चूल पेटवीत. दुष्काळात पोरकी झालेली मुलेही त्याच चुलीवर वाढली. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. पतीची श्रद्धा आकाशाकडे पाहणारी, तर पत्नीची डब्याच्या तळाकडे. यांपैकी कोणती अधिक खरी, हे सांगणे सोपे नाही. दोन्ही नसत्या, तर ते घर उभे राहिले नसते एवढे निश्चित.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे काव्यचरित्र जेमतेम अकरा अध्यायांपर्यंत आले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ साली त्यांचे निधन झाले, आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा सारा संसार सांगितला; त्यात पतीला त्यांनी देव केले नाही आणि दोषीही ठरविले नाही.

आजही कित्येक घरांत मुलगा वेगळे मानतो, सून वेगळे, वडील वेगळे. आणि बाहेरचे दिवस अनिश्चित असले की हे भेद अधिक बोचतात. अशा घरांना टिळक दांपत्याकडून तयार उत्तर मिळणार नाही. कारण त्यांनाही ते पाच वर्षे मिळाले नव्हते. त्या पाच वर्षांत दोघांनी एवढेच केले, की परस्परांकडे येणारी वाट बंद होऊ दिली नाही.