कृती लिहून ठेवा

ज्याला रांधायची मनापासून आवड आहे, त्यानं आपली कृती लिहून ठेवावी… एवढंच आज सांगायचं आहे. नाशिकच्या मिसळीची मला चिंता नाही. तिला हॉटेलांनी गावोगाव पोहोचवलं. पण घरच्या काळ्या मसाल्याचं प्रमाण कोण जपणार? उडदाच्या आमटीचं? ते फक्त हातात असतं… हात थांबला, की तेही गेलं.

कुणी म्हणेल, चव हाताला असते, ती कागदावर उतरत नाही. थोडं खरं आहे. पुरण शिजलं का, हे डोळ्यांनाच कळतं. पण कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक आठवा. ते १९७० साली आलं. बाईंनी अंदाजाच्या जागी वाटी आणि चमचा आणला… आणि आई-सासू जवळ नसलेल्या घरांतही पदार्थ साधू लागले. मग सगळ्यांची चव एकसारखी होईल का? छे! मिरची वेगळी, पाणी वेगळं, आच वेगळी. एकच कृती दोन घरांत कधी सारखी उतरते?

तेव्हा श्रोतेहो, कृती लिहून ठेवा… आणि वाटी केवढी, तेही लिहा. प्रत्येक घरची वाटी निराळी असते.