पत्र खरे कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. तरी आजचा विषय मुद्दाम घेतला, कारण तो आपल्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत कितीतरी भगिनी पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करतात. पाहुणा मुंबई-पुण्याचा. तो ईमेलने चौकशी करतो, आगाऊ रक्कम कोठे भरायची तेही त्याला ईमेलनेच कळते. त्या बाईच्या नावाने भलत्यानेच पत्र धाडले तर? पाहुण्याचे पैसे बुडतात, आणि जिने एक पै घेतली नाही तिच्या दारात तो भांडायला येतो. पैसा पुन्हा मिळवता येईल. गेलेले नाव सहजी परत येत नाही.

असे होते कसे? पोस्टकार्ड आठवा. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहावे; पोस्टमन विचारत नाही. ईमेलची रीत १९८२ साली ठरली ती अशीच. तेव्हा जाळे लहान होते, विश्वासाने चालत होते. ‘पाठवणारा’ या जागी लिहिलेले नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती.

आपल्या पूर्वजांना मात्र हे भय ठाऊक होते. शिवाजीमहाराजांच्या पत्रावर माथ्याला शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, असा त्या मोर्तबाचा अर्थ. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला. तेव्हा पत्रातल्या ‘ध’ चा ‘मा’ झाला असे लोक आजही सांगतात. ती गोष्ट खरी असो वा नसो, एका अक्षराने काय अनर्थ होतो हे आपल्याला त्यातून कळते.

ईमेलसाठीही आता असे तीन बंदोबस्त झाले आहेत. पहिला एसपीएफ. आपल्या संकेतस्थळाच्या नावापुढे एक यादी लावून ठेवायची, की आमचे टपाल अमुक सर्व्हरवरूनच निघेल. दुसऱ्या ठिकाणाहून आले तर संशय घ्यावा. दुसरा डीकेआयएम. हा शिक्का-मोर्तब. शिक्का मारायची गुप्त किल्ली पाठवणाऱ्या सर्व्हरकडे राहते, आणि तो पारखायची किल्ली सर्वांना दिसेल अशी मांडलेली असते. शिक्का मारलेला मजकूर वाटेत बदलला तर पारख चुकते. तिसरा डीमार्क. पत्रावर दिसणारे नाव आणि ज्याची यादी किंवा शिक्का जुळला ते नाव एकच आहे ना, हे तो पाहतो. जुळले नाही तर पत्र येऊ द्यावे, बाजूला ठेवावे की परत लावावे, ही मालकाची सूचनाही त्यातच असते. शिवाय आपल्या नावाने कोठून टपाल निघते याचा अहवाल मालकाला मिळतो.

यादी एकटी पुरत नाही. स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर पुष्कळ बिऱ्हाडे असतात. दिघीच्या फेरीबोटीत सगळे एकत्र बसतात, तसेच. बोट ओळखीची म्हणून बसलेला प्रत्येकजण ओळखीचा नव्हे. म्हणून शिक्का हवाच.

ज्यांचे स्वतःचे संकेतस्थळ आहे त्यांनी होस्टिंगवाल्याला स्पष्ट विचारावे, “आमच्या नावाला ही तिन्ही लावली आहेत काय?” प्रथम डीमार्क नुसता पाहणीवर ठेवावा, अहवाल वाचून आपले खरे टपाल अडत नाही याची खात्री करावी आणि मग कडक करावा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर दिवसाला पाच हजारांवर पत्रे धाडणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. लहानांनाही पहिल्या दोहोंपैकी एक लागतेच. ज्यांचा पत्ता साधा जीमेलचा, त्यांचा शिक्का गूगलच मारते.

पण बायांनो, शिक्का असला म्हणून डोळे मिटू नयेत. २०१५ साली ओएनजीसीचे सुमारे १९७ कोटी रुपये अडकल्याचे प्रकरण मुंबईत पोलिसांकडे गेले. ठकांनी कंपनीच्या पत्त्यातली अक्षरे जराशी उलटसुलट केली आणि परदेशी गिऱ्हाइकाला भलत्याच खात्यात पैसे भरायला लावले. असे जवळपासचे नाव ठक स्वतःच विकत घेतो आणि त्यावर खरा शिक्काही मारतो. तेथे यंत्र फसते. अक्षर न अक्षर वाचणारा डोळा फसत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणायला सांगितले. ते नाव वाटेल त्याला मिळत नाही.

आपण घरी काय करावे? पैशाचे पत्र आले की पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. खाते बदलले असे लिहिले असेल तर पत्रातला नंबर सोडून आपल्याजवळच्या जुन्या नंबरावर फोन करावा. फसगत झालीच तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० वर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

आपण बाजारात नाणे वाजवून घेतो, मासळी कल्ला उघडून पाहतो. पत्रही तसेच पारखून घ्यावे, एवढेच माझे मागणे.