रुळांवर टेकलेली सरहद्द

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय छापला आहे, ‘पहिल्या महायुद्धानंतरच्या सीमा’. विषय अवाढव्य आहे. त्यातला एकच तुकडा मी घेणार आहे, तुर्कस्तान आणि सीरिया यांच्यामधली सरहद्द. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातला वाटणीचा साइक्स–पिको करार तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, ऑटोमन साम्राज्य कसं कोसळलं तेही ठाऊक आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी जिथे संधी मिळेल तिथे मांडतो : रेघ मारणं सोपं असतं. ती टिकायला जमिनीवर आधीच कुणीतरी काहीतरी बांधून ठेवलेलं लागतं. आणि बांधणाऱ्याचं नाव कुठल्याच तहात नसतं.

१० ऑगस्ट १९२० चा सेव्हरचा तह घ्या. त्यात अँतेप, उर्फा, मार्दिन ही शहरं फ्रेंचांच्या ताब्यातल्या सीरियात घातली होती. कागद झाला, सह्या झाल्या. जमीन मात्र ऐकेना. मराश आणि उर्फा तर फ्रेंचांना त्या सह्यांच्या आधीच, १९२० मध्येच, सोडावं लागलं होतं. तुर्की राष्ट्रवाद्यांशी लढता लढता पॅरिस थकलं आणि २० ऑक्टोबर १९२१ ला अंकारात नवा करार झाला. आता रेघ कुठे मारायची? मधे ना डोंगर, ना नदी, सगळं सपाट माळरान. दोघांनाही दिसत होती अशी एकच वस्तू तिथे होती. बगदादला जायला निघालेली, जर्मनांनी बांधायला घेतलेली रेल्वे. चोबानबेपासून नुसैबिनपर्यंत सरहद्द रुळांना लागून ठरली. रूळ आणि त्यावरची स्थानकं तुर्कस्तानची, रुळांच्या दक्षिणेला सीरिया. वर, या मार्गावरून सीरियालाही सैन्य नेता येईल अशी सोय. आपल्याकडे वावराच्या बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाची पायरी चढतात. (हशा) इथे तर दोन देशांचा बांध, आणि त्यावरून आगगाडी! (मोठा हशा)

नुसैबिनच्या पुढे रूळ नव्हते. तिथून टायग्रिसपर्यंत ‘जुना रस्ता’ ही हद्द धरली. पण जुना रस्ता नेमका कोणता? हा वाद मिटायला १९२९ उजाडलं. रूळ होते तिथे रेघ चटकन बसली. नव्हते तिथे आठ वर्षं गेली. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार कुठून आणू?

तिथले कुर्द लोक देशांची नावं क्वचितच घेतात. ‘सेरखेत’ आणि ‘बिनखेत’ म्हणतात, म्हणजे रेघेच्या वरचे आणि रेघेच्या खालचे. भाऊ वर, बहीण खाली. १९५० च्या दशकात तुर्कस्तानने त्या पट्ट्यात भूसुरुंग पेरले. ईदच्या दिवशी माणसं कुंपणाच्या दोन्ही बाजूंना यायची आणि तारांवरून ओरडून एकमेकांची खुशाली विचारायची. नवं बाळ उंच धरून दाखवायचं, कोण वारलं ते हाक मारून सांगायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे रूळ टाकले कुणी?

यासाठी कूतला जावं लागेल. इराकमधलं, टायग्रिसच्या वळणावरचं हे गाव. डिसेंबर १९१५ पासून तिथे ब्रिटिश हिंदी सैन्य वेढ्यात अडकलं. त्या डिव्हिजनचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. (सभागृहात कुजबुज) होय, आपलं पुणं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, कोकणातली आणि देशावरची पोरं. १४७ दिवस वेढा चालला. धान्य आटत आटत मूठभरावर आलं. घोडी कापायला सुरुवात झाली, पण ते मांस खायला बहुतेक हिंदी शिपाई कित्येक आठवडे तयार नव्हते. हिरड्या सुजल्या, पाय सुजले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १६ मे रोजी साइक्स–पिको कराराला अंतिम रूप आलं. सेनापती टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं. शिपायांना समारापासून पुढे चालवत नेलं. तिक्रीत, मोसुल, नुसैबिन आणि शेवटी रास-अल-ऐन. जो बसला तो मागे राहिला. रास-अल-ऐनच्या आसपास त्याच काळात हद्दपार आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या होत्या. तिथे या हिंदी कैद्यांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. ज्या वाटेने ते नुसैबिनहून चालत आले, त्याच वाटेने नुसैबिनच्या दिशेने रूळ टाकायचे. खडी, स्लीपर, रूळ. पाच वर्षांनी मुत्सद्द्यांनी आपली रेघ त्याच रुळांवर टेकवली.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.) पाचच मिनिटं? बरं. मग मोसुलचं तेल आणि हाताय प्रांत हे या नकाशावरचे आणखी दोन वाद सोडून देतो, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

एक आक्षेप मात्र आत्ताच निस्तरतो. एका सभेत एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘प्रत्येक ठिकाणी मराठी माणूस शोधायची ही काय हौस?’ हौस नाही हो. तो साम्राज्याच्या पगारावर गेला होता, त्याचा मी पोवाडा गात नाही. पण त्याच्या हातच्या कामाने दुसऱ्याच मुलखातली गावं दुभंगली. त्याला हे कधी कळलंही नसेल, म्हणून आपण तरी ते जाणून घ्यावं. बंगाली रुग्णसेवा पथकातले शिशिर सर्वाधिकारी रास-अल-ऐनच्या छावणीत होते. ‘अभि ले बगदाद’ हे त्यांचं पुस्तक असल्यामुळे बंगालीत रास-अल-ऐन जिवंत राहिलं.

आपल्याकडे काय उरलं? साताऱ्याकडे माझ्या आजोळी चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे. चुन्याचे थर चढलेत, अक्षरं बोटांनी चाचपावी लागतात. गावातून महायुद्धाला किती गेले आणि किती मेले, एवढंच त्यावर आहे. आकडे आहेत, नाव एकही नाही. घरी गेलात की माळ्यावरची ट्रंक उघडा. एखादं पदक, एखादं पिवळं पडलेलं पोस्टकार्ड सापडेल. त्यावर पलटणीचा नंबर १०३, ११० किंवा ११७ असेल, तर नकाशा काढा आणि रास-अल-ऐनपासून नुसैबिनपर्यंत बोट फिरवा. त्या माणसाचं नाव तिथे लिहायचं राहिलं आहे. ते तुमच्या वहीत लिहा.

(टाळ्या)