पेटींतून निघालेलें जेट विमान

आकाशांतून गर्जत जाणाऱ्या जेट विमानाकडे मान वर करून पाहिलें नाहीं असें मूल सांपडणें कठीण. त्याच जेटची हात-दीड हात लांबीची प्रतिकृति आज रंगीत पेटींत बंद होऊन विकावयास येते आणि पेटीवर ‘उडण्यास तयार’ अशीं ठळक अक्षरें असतात. पंख बसवावे, बॅटरी भरावी आणि उडवावें, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ घरांतील मंडळी करितात. विमानापुरता तो खराहि आहे. परंतु उडविणारा कांहीं पेटींतून तयार होऊन येत नाहीं. त्यामुळें वाढदिवसाची ही महागडी भेट पहिल्या अर्ध्या मिनिटांतच मातीला मिळण्याचा संभव फार असतो.

बिनतारी लहरींनीं दूरची वस्तु चालविण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नाव या रीतीनें फिरवून दाखविली होती. अमेरिकेंत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ सालीं आपलें ‘गफ’ नांवाचें विमान बिनतारी लहरींवर उडविलें. इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन यांनीं १९५७ सालीं ‘रेडिओ क्वीन’ हें विजेच्या मोटारीचें विमान उडवून दाखविलें. त्यानंतर बराच काळ एक मोठी अडचण होती. एकाच लहरीवर दोघांनीं यंत्रें चालू केलीं कीं एकाचें विमान हमखास कोसळे. म्हणून मैदानावर एक फळी टांगून, ज्याची लहर चालू असेल त्यानें त्या लहरीचा चिमटा घेऊन ठेवावा, अशी शिस्त पाळली जाई. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्‌झचीं यंत्रें बाजारांत आलीं आणि ही काळजी बहुतेक मिटली.

या विमानाच्या पोटांत खरें जेट इंजिन नसतें. नळीसारख्या पोकळींत बसविलेला अनेक पात्यांचा एक छोटा पंखा असतो. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ईडीएफ’ म्हणतात. मैदानावर नेहमीं दिसणाऱ्या लहान जेटमध्यें त्याचा व्यास ६४ किंवा ७० मिलिमीटर असतो. विजेची मोटार त्याला विलक्षण वेगानें फिरविते. पुढून ओढलेली हवा मागच्या तोंडांतून झोतानें बाहेर पडते आणि विमान पुढें सरतें. आवाजहि शिटीसारखा, खऱ्या जेटची आठवण करून देणारा निघतो. मात्र या शोभेची किंमत द्यावी लागते. मोठा प्रोपेलर पुष्कळ हवा सावकाश मागें लोटतो. हा इवलासा पंखा थोडी हवा अतिशय वेगानें लोटतो, आणि तितक्याच जोरासाठीं त्यास वीज अधिक लागते. म्हणून एका बॅटरीवर उड्डाण बहुधा तीन ते पांच मिनिटांचेंच होतें.

याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे. साध्या विमानांत नाकावरचा प्रोपेलर आपला वारा शेपटीवर फेंकतो. त्यामुळें विमान जवळजवळ उभें असलें तरी शेपटीवरील झडपा कांहीं तरी काम देतात. जेटमध्यें सारा झोत नळींतून परस्पर मागें निघून जातो, आणि शेपटीला वारा मिळतो तो केवळ विमानाच्या स्वतःच्या गतीचा. गति नसेल तर ताबाहि नाहीं. शिवाय थ्रॉटल पुढें सारल्यावर पंखा पुरा फिरूं लागून विमानास वेग येईपर्यंत क्षणभर विलंब लागतो. हातानें सोडावयाचें विमान असल्यास पूर्ण शक्ति देऊन, वाऱ्यासमोर, पंख सपाट ठेवून तें सरळ पुढें जोरानें फेंकावें लागतें. नवशिका तें आंबा पाडण्याच्या दगडासारखें वर भिरकावतो. नाक वर होतें, वेग मरतो, एक पंख ढळतो, आणि घाबरून त्यानें दांडी मागें ओढली कीं उरलासुरला वेगहि जातो. त्या प्रसंगीं दांडी किंचित पुढें देऊन नाक खालीं करणें हाच उपाय असतो. पण जमीन समोर दिसत असतां नाक खालीं करण्यास मन धजत नाहीं, आणि सारें शिक्षण येथेंच अडतें.

पतंग उडविणाराला मांज्याची ओढ बोटांत कळते. ढील केव्हां द्यावी हें हात आपोआप ओळखतो. येथें मांजा नाहीं. जें कळावयाचें तें डोळ्यांनींच, आणि डोळे फसतात. विमान पाठ करून दूर जात असतां दांडी उजवीकडे केली कीं तें उजवीकडे वळतें. तेंच वळून समोर येऊं लागलें कीं त्याची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते, आणि हात भलतीकडे जातो. यावर अनुभवी लोक एक युक्ति सांगतात: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खालीं झुकलेला दिसेल त्याच बाजूला दांडी न्यावी, जणूं त्या पंखाखालीं टेंकू द्यावयाचा आहे. युक्ति सोपी आहे. वेळ मात्र फार थोडा असतो. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर, एवढाच वेग धरला तरी पांच सेकंदांच्या गोंधळांत विमान १०० मीटर पलीकडे गेलेलें असतें, आणि राखी रंगाचें जेट ढगाळ आकाशापुढें नुसतें काळ्या ठिपक्यासारखें दिसूं लागतें. तें येत आहे कीं जात आहे हेंच मग कळेनासें होतें.

अलीकडे अशा विमानांत तोल सांवरणारें एक चिमुकलें यंत्र बसवितात. दांडी सोडली कीं तें पंख सपाट करितें. सोय उत्तम आहे, तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण समोर झाड आहे, वेग संपत आला आहे, अगर मैदानांत पोरें खेळत आहेत, हें त्या यंत्राला कळत नाहीं. यासाठीं ज्यानें पूर्वीं कांहींच उडविलें नाहीं त्याच्या हातीं पहिल्याच दिवशीं जेट देऊं नये. वरच्या बाजूस पंख असलेलें, सावकाश उडणारें प्रोपेलरचें विमान आधीं चालवावें. त्याहीपूर्वीं संगणकावर सराव करावा, तेथें मोडतोडीस पैसा पडत नाहीं. एका शिक्षकानें दुसरा ट्रान्समीटर जोडून ठेवावा आणि शिष्य चुकला कीं ताबा आपल्याकडे घ्यावा, ही पद्धत तर फारच चांगली. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेंत नमुना-विमानांची विद्या शिकवितात. शाळा-कॉलेजांतील मुलांना तेथें हा मार्ग मोकळा आहे.

जागेचाहि विचार हवा. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या ड्रोन नियमांत आकाशाची हिरवीं, पिवळीं व तांबडीं अशा क्षेत्रांत वांटणी केली. विमानतळाच्या आसपास किंवा गर्दीच्या मैदानावर ही हौस भागवूं नये, हें मात्र नियमांनीं सांगावें लागूं नये. अर्ध्या-एक किलोचा गोळा त्या वेगानें कोणाच्या डोक्यावर आला तर खेळणें म्हणून सुटका होत नाहीं.

उडविण्यापूर्वीं आधीं ट्रान्समीटर आणि मग विमान चालू करावें, उतरल्यावर उलट क्रमानें बंद करावें. बॅटरी पुढें-मागें सरकवून तोल पुस्तिकेंत दिलेल्या खुणेवर आणावा. तो थोडा पुढें राहिला तर चालतें, मागें राहिला तर विमान आवरत नाहीं. उतरण्यासाठीं तिसऱ्या मिनिटाचा गजर लावावा, कारण उतरणें पहिल्या खेपेस साधेलच असें नाहीं, आणि पुन्हां वर जाऊन एक फेरी मारण्यास वीज शिल्लक पाहिजे. विमान जमिनीजवळ येतांना शक्ति एकदम तोडूं नये. वेग गेल्यावर तो परत मिळविण्यास जी उंची लागते ती तेव्हां उरलेली नसते.

विमान मोडलें तर फारसें दुःख करूं नये. तें एका तऱ्हेच्या फोमचें असतें. तुकडे चिकटतात, चेपलेलें नाक उकळत्या पाण्याच्या वाफेनें पुष्कळ अंशीं फुगून येतें. जपावयाचें तें बॅटरीला. लिथियम पॉलिमर जातीच्या या बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवितो. त्यापुढें भरल्यास, किंवा आपटून आंत इजा झाल्यास, ती पेट घेऊं शकते. रात्रीं भरावयास लावून घरानें निजून जाणें म्हणजे विस्तवाशीं खेळ आहे. कोणी तरी जवळ असतांना, तिच्यासाठीं केलेल्या चार्जरवरच, फरशीवर ठेवून ती भरावी. आदळलेल्या विमानांतील बॅटरी लगेच घरांत न आणतां कांहीं वेळ उघड्यावर ठेवावी. फुगलेली दिसली तर ती पुन्हां वापरूं नये. पुढील उड्डाण आठवड्यानंतर असेल तर ती पूर्ण भरून न ठेवतां दर सेलला ३.८ व्होल्टच्या सुमारास ठेवावी, आणि लहान मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं, कपड्यांच्या कपाटापासून दूर ठेवावी.